रेशनकार्डाचं पान

मंगळवारी दुपारी पोस्टमन गणूने शेणवे गावच्या वाळू पास्टरांच्या अंगणात सायकल टेकवली आणि एक पोस्टकार्ड पुढे केलं. पास्टर गोठ्याजवळ शेण भरत होते. त्यांनी दोन्ही हात गणूला दाखवले.

"हात बघ माझे. तूच वाच की रे."

गणूला यात नवल वाटलं नाही. गेली तीन वर्षं, पोस्टमन आला की पास्टरांचे हात नेमके शेणाचे, मातीचे नाहीतर चुन्याचे असायचे. एकदा तर फाटकात सायकल दिसताच त्यांनी घाईघाईने हात चुलीच्या राखेत घातले होते. गणूने कार्ड डोळ्यांसमोर धरलं.

"मुरबाडच्या पाळकसाहेबांचं हाय. 'उपदेशाच्या वेळी आपल्याकडे बायबल कसे वापरले जाते, यासंबंधी पत्र मिळाले. येत्या रविवारी उपासनेला येऊन स्वतः पाहीन. आपला, पाटोळे.' बस, एवढंच."

"पत्र? कोणाचं पत्र?"

"ते नाय लिवलं."

गणू निघून गेला. पास्टर हातातलं शेण विसरून तिथेच उभे राहिले. म्हैस त्यांच्याकडे बघत होती आणि ते म्हशीकडे बघत होते, पण त्यांना ती दिसत नव्हती.

वाळू पास्टर तसे रीतसर पास्टर नव्हते. भातसानगरला धरणावर चौकीदारी करून ते निवृत्त झाले होते, आणि शेणव्याच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात गेली तीस वर्षं दर रविवारी उपदेश करत होते. शाळा चौथीपर्यंत. मंडळी तीस-पस्तीस माणसांची. त्यांना तिथे उभं राहू द्यायचं की नाही, हे मुरबाडच्या पाळकसाहेबांच्या हातात होतं, आणि साहेबांना आजवर कधी शेणव्याला येऊन बघायची गरज वाटली नव्हती. आता कोणीतरी चहाडी केली होती.

चहाडी काय असेल, याचा पास्टरांना अंदाज होता. उपदेशात बायबल वापरायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी ते पिवळ्या फडक्यातून काढून छातीशी धरायचं. मग खुणेचा कागद असेल तिथे उघडून, ओळीवर बोट ठेवून वचन वाचायचं. मग पुस्तक मिटून डोक्याच्या वर धरायचं, आणि मुद्दा पटवायचा असला की त्यावर तळहाताने अशी थाप मारायची की पत्र्यावरची कबुतरं उडून जायची. पहिली सत्तावीस वर्षं ते ओळीवर बोट ठेवून खरोखर वाचायचे. गेली तीन वर्षं मात्र पानावर त्यांना नुसत्या मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. लांबचं सगळं दिसायचं. माहुली गडाच्या सुळक्यावरचं झाडसुद्धा दिसायचं. हातातलं अक्षर तेवढं काही केल्या एका जागी थांबत नव्हतं. म्हणून बोट पानावर आणि वचन पाठ, असा कारभार चालला होता.

चष्मा घेतला असता तर काम भागलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. पण एकदा, नजर चांगली होती तेव्हा, एक फिरता उपदेशक प्रार्थनाघरात येऊन दोन तास बोलून गेला होता आणि त्या दोन तासांत त्याने बगलेतलं पुस्तक एकदाही उघडलं नव्हतं. तो गेल्यावर पास्टरांनी थाप मारून जाहीर केलं होतं, "ज्याला वचन वाचता येत नाय, त्यानं या टेबलामागं उभं राहू नये!" कबुतरं उडाली होती, मंडळीने आमेन म्हटलं होतं, आणि नियम होऊन बसला होता. आता चष्मा लावला की पहिला प्रश्न येणार, पास्टर, दिसत नव्हतं तर इतके दिवस वाचत काय होता?

टेबल गेलं तर आपण काय करायचं, हा विचार त्यांनी मंगळवारी रात्रीपर्यंत करून बघितला. दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. धरणावर आता दुसरा चौकीदार होता. रविवारचा तो एक तास सोडला तर आठवडाभर त्यांना कोणी काही विचारायला येत नव्हतं, आणि त्या एका तासासाठीच ते उरलेले सहा दिवस काढत होते.

बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. "मुरबाडचे साहेब येनार रविवारी," एवढंच म्हणाले.

सरस्वतीबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात जरासा थांबला, पण मान वर झाली नाही. "येऊ देत की. कोंबडा कापू."

बाईला परिस्थितीचं काही गांभीर्य नाही, असं पास्टरांना वाटलं. सरस्वतीबाई सातवी शिकलेल्या होत्या, पण शिकण्याचा आणि समजण्याचा काय संबंध, असं मनात म्हणून ते जेवायला बसले.

आता, पास्टरांच्या खुणांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यावरच झाला. घर सगळीकडून गळायचं, फक्त बायबलाची फळी तेवढी कोरडी राहायची. त्यामुळे घरातला जो कागद भिजू नये असं वाटे तो बायबलात जाई, आणि एकदा गेला की तिथलाच होऊन जाई. अध्याय-वचनांचे आकडे पास्टरांच्या डोक्यात कधी बसले नाहीत. धरणाची पातळी कोणत्या साली किती होती ते सांगतील, पण हे नाही. त्यांचा पत्ता कागदावरून चालायचा. जुनं रेशनकार्ड होतं तिथे प्रभूने पाच हजार माणसांना डोंगरावर जेवू घातल्याची गोष्ट. लाइटबिल होतं तिथे दिवा टोपलीखाली झाकू नये हे वचन. एसटीचं तिकीट तांबड्या समुद्रापाशी, थोरलीची लग्नपत्रिका प्रीतीच्या अध्यायात, नातवाचं डोस पाजल्याचं कार्ड लेकरांना जवळ घेतलं त्या पानात. वडील वारल्याचा दाखला मेंढपाळाच्या स्तोत्रात. असे एकूण तेवीस कागद होते, आणि त्यांनी फुगून बायबल दुप्पट जाड झालं होतं. नजर गेल्यावर याच कागदांनी पास्टरांना सांभाळलं. हाताला रेशनकार्ड लागलं की वचन आपोआप तोंडात यायचं.

साहेबांसाठी त्यांनी आपला सगळ्यात पक्का उपदेश निवडला, भाकरीचा. शुक्रवारी गोठ्यात म्हशीला तो पूर्ण ऐकवला. शनिवारी सकाळी ते दाढी-कटिंग करायला खर्डीला गेले.

इकडे सरस्वतीबाईंनी घर सारवलं, फळी पुसली आणि बायबल खाली काढलं. त्यांनी तेवीसच्या तेवीस कागद बाहेर काढून, नीट सारखे करून, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. पुस्तक वर्षानुवर्षं फुगलेलं, ते मिटेना. म्हणून संध्याकाळपर्यंत ते पाट्याखाली दाबून ठेवलं. मग पिवळं फडकं धुऊन, वाळवून, त्यात बांधून फळीवर परत. हे त्यांनी का केलं, ते पुढे कळेल. बाई बिनडोक नव्हती, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी पाटोळेसाहेब जीपमधून उतरले तेव्हा अख्खी मंडळी प्रार्थनाघराबाहेर उभी होती. साहेब उंच, पांढऱ्या शर्टातले, हसतमुख. खांद्याला कापडी पिशवी आणि हातात स्वतःचं बायबल. ते हसून सगळ्यांना नमस्कार करत होते, आणि पास्टरांना वाटलं, माणूस काढून टाकायला आलेला माणूस असाच गोड हसत असणार. साहेबांना प्रार्थनाघरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. ती खुर्ची टेबलापासून चार हातांवर होती.

दोन गाणी झाली. पास्टर टेबलामागे उभे राहिले आणि त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

पुस्तक हातात घेताच ते चरकले. बायबल निम्मं झालं होतं. त्यांनी अंगठा कडेवरून फिरवला. कागद नाही. उलटं फिरवलं. कागद नाही. मधून उघडलं, तर पाट्याखाली दबलेली पानं एकमेकांना चिकटून गुळगुळीत बसलेली, आणि त्यावर मुंग्या.

"आपण," पास्टर म्हणाले, "आनखी एक गानं म्हनूया."

मंडळीने गाणं म्हटलं. ते संपेपर्यंत पास्टरांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत चाचपून पाहिलं.

"फार गोड झालं. आनखी एक."

हे चौथं गाणं सुरू असताना ते सरकत सरकत बायकांच्या बाजूला गेले आणि टाळ्या वाजवत, ओठ न हलवता म्हणाले, "कागद कुठं गेले गो?"

"डब्यात," सरस्वतीबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

"डबा कुठं?"

"घरी."

"कशाला काढलंस?"

"अवो, नंतर सांगते."

"आन जा! पळ!"

घर ओढ्यापलीकडे होतं. जायला-यायला वीस मिनिटं. सरस्वतीबाई पदर खोचून मागच्या दाराने गेल्या आणि गाणं संपलं. पास्टरांनी एकवार साहेबांकडे पाहिलं आणि मग सावळी आजीकडे. सावळी आजी मंडळीतली सगळ्यात म्हातारी, आणि तिची प्रार्थना सगळ्यात लांब. लहान पोरं असली की एरवी तिला प्रार्थना सांगायची नाही, असा अलिखित ठराव होता.

"आता सावळी आजी आपल्याला प्रार्थनेत चालवतील," पास्टर म्हणाले.

आजीला इतका मान बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. तिने साहेबांसाठी प्रार्थना केली, साहेबांच्या बायकोपोरांसाठी केली, जीपच्या ड्रायव्हरसाठी केली. शेजारच्या कमळूच्या बैलाच्या खुराला झालेल्या जखमेसाठी केली. कमळू हा काही मंडळीतला माणूस नव्हता, पण त्याचं खळं प्रार्थनाघराच्या खिडकीला लागून होतं आणि दर रविवारी तिथे काम करता करता, आणि सध्या भात झोडता झोडता, तो सगळा उपदेश ऐकायचा. मग आजीने भातसाचं धरण, धरणावरची सगळी वसाहत आणि त्या धरणाचं पाणी पिणारी अख्खी मुंबई देवाच्या हाती सोपवली आणि आमेन म्हटलं. बारा मिनिटं झाली होती.

"आजी," पास्टर म्हणाले, "पावसाचं राहिलं."

"पाऊस गेला की रे. कापनी चालली."

"पुढल्या वर्षीचं."

आजीने डोळे परत मिटले. ती ज्येष्ठातल्या पेरणीपासून सुरू करून श्रावणापर्यंत आली तेव्हा मागच्या दारातून सरस्वतीबाई धापा टाकत आत शिरल्या आणि डबा टेबलावर ठेवून गेल्या.

पास्टरांनी झाकण उघडलं. तेवीस कागद, धुतल्यासारखे स्वच्छ, मोठ्यावर लहान असे रचून ठेवलेले. त्यांनी त्यांतलं रेशनकार्ड उचललं, बायबल उघडलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की कागद मिळाले खरे, पण ते ठेवायचे कुठे? इतकी वर्षं कागदाने पान सांगितलं होतं. पान कुठे आहे, हे कागदाला आता कोण सांगणार?

"वाळूभाऊ," साहेब मवाळपणे म्हणाले. त्यांनी स्वतःचं बायबल मांडीवर उघडलं होतं. "कुठला अध्याय घेताय? मीही काढतो म्हणजे."

बाहेर कमळूचं झोडणं थांबलं. पास्टरांच्या एका हातात बायबल होतं आणि दुसऱ्या हातात रेशनकार्ड. त्यांनी ठरवलं, आता पुरे. खोटं बोलून टेबल राखण्यात काही अर्थ नव्हता. जे आहे ते सांगायचं आणि उतरायचं. त्यांनी घसा खाकरला.

"सायेब," मागून सावळी आजी बोलली, "रेशनकार्डाचं पान."

"काय म्हणालात आजी?"

"रेशनकार्डाचं पान काढा. नाय सापडत तुमाला? ते डोंगरावचं. सांज झाली, मानसं पाच हजार, रान सगळं ओसाड. चेले बोलले, देवा, यांना घरी लावून दे, आपल्याकडं खायाला काय नाय."

"मंग देव बोलला," पुढच्या रांगेतल्या बाया म्हणाल्या, "तुमीच द्या त्यांना खायाला."

"एका पोराजवळ होत्या," सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "नाचनीच्या पाच भाकऱ्या आनि दोन मासे!"

साहेबांचं बोट त्यांच्या बायबलातल्या ओळीवरून सरकत होतं. ते एका जागी थांबलं. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहिलं.

वाळू पास्टर आ वासून मंडळीकडे बघत होते. वचन सांगायचं त्यांनी, ऐकायचं मंडळीने, अशी तीस वर्षांची वहिवाट. मंडळीला ते येत असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी रेशनकार्ड खाली ठेवलं आणि लाइटबिल वर धरलं.

"दिवा टोपलीखाली झाकायचा नाय!" खिडकीतून कमळू ओरडला. सगळे त्याच्याकडे वळले तसा तो ओशाळून बाजूला झाला.

पास्टरांनी एसटीचं तिकीट दाखवलं. पोरंटोरंसुद्धा उठून उभी राहिली आणि त्यांनी समुद्र दुभंगवून अख्खी इस्राएलची प्रजा कोरड्या पायांनी पलीकडे नेली. लग्नपत्रिका निघाली, डोसाचं कार्ड निघालं. हळूहळू पास्टरांचा आवाज परत आला. मंडळीने वचन म्हणायचं आणि पास्टरांनी त्याचा अर्थ सांगायचा, असं आपोआप जुळून गेलं. भाकरी त्या पोराच्या आईने पहाटे उठून थापली असणार, पण त्या माउलीचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, असं ते बोलले तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वडिलांचा दाखला हातात आला तेव्हा मेंढपाळाचं स्तोत्र सगळ्यांनी हलक्या आवाजात म्हटलं, आणि त्यात पास्टरांचा आवाज सगळ्यात हलका होता. शेवटी थाप मारायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती टेबलावर मारली. कबुतरं मात्र नेहमीसारखीच उडाली.

उपासना झाली. घरी कोंबड्याचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी झाल्या. साहेब पोटभर जेवले, आणि पास्टर ताटातला भात नुसता इकडून तिकडे करत राहिले. हात धुऊन झाल्यावर साहेबांनी कापडी पिशवी पुढे ओढली. तिच्यात काहीतरी चौकोनी, जड असं होतं. त्यात नव्या उपदेशकाच्या नेमणुकीचं सामान असणार, असं पास्टरांनी ओळखलं.

"साहेब, तुमी काय काढायच्या आधी मी बोलतो," ते म्हणाले. "मला दिसत नाय. तीन वर्षं झाली. मी वाचतो असं लोकांना वाटतं, पन मी वाचत नाय, पाठ म्हनतो. नियम मीच केलेला हाय, की वाचता येत नाय त्यानं तिथं उभं राहू नये. तवा टेबल तुमच्या सुपूर्द. तुमाला पत्र कोनी लिवलं ते मला नको. त्यानं खोटं नाय लिवलं."

साहेब चुलीच्या दिशेने वळून म्हणाले, "सरस्वतीबाई, आता मला हे गुपित ठेवता येणार नाही. रागावू नका."

चुलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला.

साहेबांनी खिशातून घडी केलेला वहीचा कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. "'साहेबांना सरस्वतीचा सलाम. आमच्या पास्टरांना बारीक अक्षर दिसत नाही. ते कोणाला सांगत नाहीत आणि चष्म्याचं नाव काढलं की जेवत नाहीत. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी नाताळाला त्यांनी बायबल उलटं धरून अख्खा अध्याय वाचला. कोणी हसलं नाही. पोरांना आधीच चिमटे काढून ठेवले होते. तेव्हापासून आम्ही सगळ्यांनी त्यांची वचनं पाठ केली, कधी अडले तर सांगायला. पण अजून अडले नाहीत. मोठ्या अक्षराचं बायबल असतं असं ऐकलं आहे. ते एक पाठवावं. मी कळवलं हे त्यांना कळू देऊ नये. नाहीतर साहेबांनी स्वतःहून दिल्यासारखं द्यावं.'"

साहेबांनी पिशवीतून जाडजूड नवं बायबल काढून पास्टरांच्या मांडीवर ठेवलं. "स्वतःहून दिल्यासारखंच देणार होतो. म्हणून कार्डावर फार काही लिहिलं नाही. तुम्ही घाबराल असं वाटलं नाही."

पास्टरांनी पान उघडलं. अक्षरं हरभऱ्याएवढी होती आणि ती हलत नव्हती. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि पुटपुटत वाचलं. पुढची ओळ वाचली. तिसरी वाचताना त्यांना पुन्हा नीट दिसेनासं झालं, पण त्याचं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसून टाकलं.

"आन ते कागद गो?" ते चुलीकडे बघून म्हणाले. "ते कशाला काढलेस?"

"नव्यात घालायला," सरस्वतीबाई आतूनच म्हणाल्या. "मला वाटलं, साहेब आल्या आल्या देतील. आनि तुमी तर सगळं..."

"पाठच म्हनतो."

"मी नाय तसं बोलले."

"उलटं धरलेलं, तवा सांगायचंस तरी."

"कसं सांगू? तुमी काय छान वाचत होतात."

साहेब हसू दाबत उठले. जाताना जीपपाशी त्यांनी पास्टरांना बाजूला घेतलं. "टेबल तुमचंच आहे. फक्त एक विचारतो. नाचणी कुठून आली? शास्त्रात जवाच्या भाकरी आहेत."

पास्टर खाली बघू लागले. "पयल्या वर्षी मी जवच बोललो होतो, साहेब. सावळी आजीनं विचारलं, जव म्हंजे काय? मी कधी बघितला नव्हता. इथं कोन पेरतो जव? मंग म्हटलं, गरिबाची भाकरी ती नाचनीची. तसं बोललो, आनि तेच राहिलं."

"समजलो," साहेब म्हणाले. "पण आता दिसतंय ना? मग लिहिलंय तसं वाचा."

"वाचीन, साहेब. शब्द देतो."

पुढचा आठवडा पास्टर नव्या बायबलासमोरून हलले नाहीत. गणू दोन वेळा आला आणि दोन्ही वेळा पास्टरांचे हात स्वच्छ होते. रविवारी ते टेबलामागे उभे राहिले, नवं पुस्तक छातीशी धरलं, उघडलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा खरोखर वाचू लागले. डोंगर आला, सांज झाली, पाच हजार माणसं आली. पास्टरांचा आवाज खणखणीत लागला होता. सरस्वतीबाई बायकांच्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

"एका पोराजवळ होत्या," पास्टरांनी वाचलं, "जवाच्या पाच भाकऱ्या..."

मंडळीत चुळबुळ झाली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एका बाईने कपाळाला हात लावला. नवं, एवढं मोठं पुस्तक आणूनही पास्टरांना दिसेना, याचं सगळ्यांना फार वाईट वाटलं.

सावळी आजी काठी टेकत उठली. ती टेबलाजवळ आली आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, मायेने म्हणाली, "नाचनीच्या, बाबा. घाबरू नको. सावकाश वाच. आमी हाव."

पास्टरांचं बोट त्या शब्दावर होतं. शब्द काळाभोर, ठसठशीत, बोटाएवढा मोठा होता, आणि मुरबाडच्या साहेबांना दिलेल्या वचनाला अजून आठ दिवसही झाले नव्हते. त्यांनी आजीकडे पाहिलं. तिच्या मागे श्वास रोखून बसलेल्या मंडळीकडे पाहिलं. ही सगळी माणसं त्यांच्यासाठी गेली दोन वर्षं घराघरात पाठांतर करत होती.

"नाचनीच्या," पास्टर म्हणाले. "बरोबर हाय, आजी. नाचनीच्या."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि पास्टर दोन माशांकडे वळले.